पदराची गाठ



आमची आजी नऊवारीच्या पदराला गाठ मारायची. दळण आणायचंय, गवळ्याचे पैसे द्यायचेत, शेजारी निरोप सांगायचाय. काम कुठलंही असो, गाठ एकच. संध्याकाळी पदराला हात पुसताना ती बोटांना लागायची आणि आजी थबकायची. ‘अगं बाई, ही कशाची बरं?’ मग विहिरीच्या काठावर उभी राहून सकाळपासूनचा दिवस उलगडत बसायची.

आता सांगा, ती आठवण होती कुठे? डोक्यात, की पदरात?

अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञांनी १९९८ साली याच प्रश्नावर एक निबंध लिहिला. त्यात ऑटो नावाचा एक काल्पनिक गृहस्थ आहे. त्याला अल्झायमर. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात जायचं म्हटलं, की तो वही काढतो, ‘५३वा रस्ता’ असं वाचतो आणि चालू लागतो. इंगा नावाची बाई तेच जरा आठवून निघते. वही सतत जवळ आहे, ऑटो तिच्यावर डोळे मिटून विसंबतो. मग ती त्याच्या मनाचाच भाग का मानू नये, असं या दोघांचं म्हणणं. त्यावर पुष्कळ वाद झाले. २००८ साली क्लार्क यांच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत चाल्मर्स यांनी लिहिलं, की महिन्याभरापूर्वी घेतलेल्या आयफोननं आपल्या मेंदूची काही कामं केव्हाच उचलली आहेत.

मला हे पटतं, पण अर्धंच. ऑटोच्या वहीत ऑटोच लिहायचा. आजीची गाठ आजीच मारायची, एखादे वेळी काहीच आठवलं नाही तर हसून सोडायचीही तीच. माझ्या फोनमध्ये मात्र मी न मारलेल्या गाठी रोज सकाळी तयार असतात. परवा त्यानं आठ वर्षांपूर्वीच्या सहलीचे फोटो समोर आणले, वर ‘आठवणी’ असं लिहून, मागे गाणं लावून. त्यातल्या एका मित्राशी भांडण होऊन आमचं बोलणं तुटलंय. दिवसभर तोच डोक्यात. ही आठवण मला झाली म्हणायची, की कुणी करून दिली?

संध्याकाळी मी फोनमधल्या त्या ‘आठवणी’ बंद केल्या. मग मित्राला फोन लावला. नंबर पाठ नव्हता, फोनमध्येच शोधावा लागला.