रस्त्याचे माप



दरेकसा घाटातून सालेकसा येथे आलेल्या दोघांना रस्ता कसा आहे म्हणून विचारा. जीपवाला म्हणेल, ठीक आहे. मोटारसायकलवाला म्हणेल, कंबर मोडली. खोटे कोणीच बोलत नाही. रस्ता मोजता मोजता प्रत्येकाने आपली गाडीही त्यात मोजली, एवढेच.

आमचे म्हणणे असे की, यंत्रही हीच चूक करू शकते. आपल्याकडे बम्प इंटिग्रेटर नावाची एकचाकी गाडी मोटारीमागे ताशी 32 किलोमीटर वेगाने ओढतात. चाकाच्या उसळ्यांची बेरीज होऊन दर किलोमीटरला अमुक मिलिमीटर असा आकडा मिळतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2004 च्या मार्गदर्शिकेत डांबरी काँक्रीटचा रस्ता 2000 च्या आत चांगला आणि 3000 च्या वर वाईट मानला होता. परंतु टायरातली हवा उतरली, स्प्रिंग झिजली किंवा घाटाच्या वळणावर वेग मंदावला, की त्याच रस्त्याचा आकडा बदलतो.

हा घोळ मिटवण्यासाठी 1982 साली ब्राझीलमध्ये निरनिराळी यंत्रे त्याच त्या रस्त्यांवर चालवून पाहण्यात आली. त्यातून निघालेल्या आंतरराष्ट्रीय निर्देशांकात खरी गाडीच नाही. रस्त्याचा उंचसखलपणा मोजून घ्यायचा आणि त्यावरून गणितातले एक चाक ताशी 80 किलोमीटर वेगाने न्यायचे. त्या चाकाची स्प्रिंग कधी झिजत नाही! आजच्या लेसरच्या गाड्या याच वाटेने जातात. लेसर गाडीपासून रस्त्यापर्यंतचे अंतर घेतो, दुसरे यंत्र गाडीची स्वतःची उसळी टिपते. ती वजा केली की उरतो तो रस्ता.

लेसरची गाडी नसली तरी हिशेब चोख ठेवता येतो. रस्त्याचे काही तुकडे लेव्हल आणि पट्टीने आधी मोजून ठेवावेत, आणि यंत्र त्यांवरून पुनःपुन्हा नेऊन ताडून पाहावे. सराफसुद्धा आपला काटा तपासून घेतो.

1943 साली नागपूरच्या परिषदेत मुख्य अभियंत्यांनी देशात किती रस्ते हवेत याचा आराखडा आखला. तो प्रश्न लांबीचा होता. आज प्रश्न आहे तो रस्ता कसा आहे याचा. दुरुस्तीचा पैसा आकड्यामागून जातो. आकडा चुकला, तर बाळंतिणीला घेऊन निघालेली गाडी ज्या खड्ड्यांतून जाते, ते खड्डे कागदावर बुजलेलेच राहतात. म्हणून आम्ही म्हणतो, डांबराआधी माप खरे करा.