एक वाट, चार वह्या
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



शताब्दीच्या या मालेत ‘प्रवास आणि लेखन’ या विषयावर बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. विषय कळविताना चिटणीसांनी पत्राच्या शेवटी एक ओळ अधिक घातली होती : ‘आपण एकाच वेळी इतकी कामे हाती घेता, ती पेलता कशी, हेही सांगावे.’ मुख्य विषयापेक्षा मला ही पुरवणीच अधिक महत्त्वाची वाटली. प्रवासाविषयी सांगणारे पुष्कळ आहेत. फिरून आल्यावर टेबलावर जो पसारा जमतो, त्याचे काय करायचे, याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

माझ्या हाती सध्या चार कामे आहेत. पहिले नियतकालिकांसाठी लिहावयाच्या प्रवासलेखांचे. त्याला तारखेचे बंधन असते आणि थोडेफार मानधनही त्यातूनच मिळते. दुसरे, सातपुड्यात उगम पावून दक्षिणेकडे वाहणाऱ्या नद्यांवरील पुस्तकाचे. तिसरे, नागपूर-छिंदवाडा या जुन्या छोट्या रेल्वेमार्गाच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून घेण्याचे. आणि चौथे, पांढुर्णा व सौंसर या तालुक्यांत बोलल्या जाणाऱ्या मराठीतील शब्द टिपून ठेवण्याचे. चारही कामांचा मुलूख एक, वाट एक. वह्या तेवढ्या चार. स्नेही मंडळी याला तारेवरची कसरत म्हणतात. मला ती उपमा पुरती पटत नाही. कसरत करणारा पलीकडच्या टोकाला सुखरूप पोहोचला की लोक टाळ्या वाजवितात आणि खेळ संपतो. लेखनाच्या कामात नुसता तोल सांभाळून भागत नाही. काहीतरी पुरे करून वाचकाच्या हाती द्यावे लागते.

या बाबतीत आपल्या पूर्वसूरींकडे पाहिले की मन स्थिर होते. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली चार पैसे मिळविण्याच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. घरी परतल्यावर मात्र त्यांनी लगेच लेखणी उचलली नाही. चिंतामणराव वैद्यांनी आग्रह धरला, म्हणून १८८३ साली, म्हणजे सुमारे पाव शतकानंतर, ‘माझा प्रवास’ कागदावर उतरला. तो छापून निघाला १९०७ साली, आणि त्यांच्या मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी प्रसिद्ध केला तो १९६६ साली. एका भिक्षुकाच्या आठवणींना वाचकापर्यंत येण्यासाठी किती हातांचा आधार लागला, हे यावरून ध्यानात येईल. वैद्यांनी विचारलेच नसते, तर मराठीतील एक अपूर्व प्रवासवृत्त वरसईच्या एका घरात आठवणींच्याच रूपाने संपून गेले असते.

दुसरे उदाहरण इतिहासाचार्य राजवाड्यांचे. दप्तरांच्या शोधात हा माणूस गावोगाव हिंडला. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला आणि पुढे ही संख्या बावीसवर गेली. परंतु त्याच पायपिटीत त्यांचे लक्ष शब्दांकडे, धातूंकडे, गावांच्या व माणसांच्या नावांकडेही होते. १९२६ च्या अखेरीस धुळ्यास त्यांचे निधन झाले, तेव्हा व्युत्पत्तीचे काम टिपणांच्या रूपात होते. त्यांच्या नावाने धुळ्यात उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने तो संग्रह जपला, म्हणून पुढे त्यातून कोश तयार होऊ शकले. एकट्या माणसाने अनेक कामे आरंभावीत आणि उरलेली एखाद्या संस्थेने तडीस न्यावीत, असा हा आपल्याकडील जुना शिरस्ता आहे. शताब्दी साजरी करणाऱ्या ग्रंथालयासमोर हे उदाहरण मी मुद्दाम ठेवीत आहे.

तिसरे नाव या मुलखाला जवळचे आहे. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर जन्मले रायपुरास, शिकले अमरावतीस, आणि ज्ञानकोशाच्या मंडळाची स्थापना त्यांनी नागपुरात केली. कोशासाठी भागभांडवल आणि वर्गणीदार मिळविताना त्यांना गावोगाव जावे लागले. तेवीस खंडांचे ते अवाढव्य काम डोक्यावर असतानाच त्यांनी कादंबऱ्याही लिहिल्या. त्यांतील एकीच्या नावातच गोंडवन आहे. कोशाच्या कामात शिस्त होती, कादंबरीत मोकळीक होती, आणि दोहोंचा कच्चा माल मात्र हिंडून पाहिलेल्या समाजातूनच आलेला होता.

इरावतीबाई कर्व्यांनी मानवशास्त्रज्ञ म्हणून देशभर प्रवास केला. नातेसंबंधांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ चा. पण ‘परिपूर्ती’तले ललित लेख त्याआधीच, १९४९ मध्ये, पुस्तकरूपाने आले होते. दुर्गाबाई भागवत संशोधनासाठी जुन्या मध्य प्रांतातील आदिवासी वस्त्यांतून हिंडल्या. दीर्घ आजाराने ती भ्रमंती मध्येच थांबली, तरी लोकसाहित्याचा अभ्यास आणि ‘ऋतुचक्र’सारखे निसर्गलेखन, असे दोन्ही प्रवाह त्यांच्या लेखणीतून वाहत राहिले. या दोघींकडून मी एक गोष्ट शिकलो. प्रवास एकच असला, तरी शास्त्राची वही निराळी आणि मनाची वही निराळी ठेवावी. दोन्हींची सरमिसळ झाली, तर शास्त्र सैल होते आणि ललित कोरडे पडते.

आता चिटणीसांच्या प्रश्नाचे उत्तर. माझे नियम तीनच आहेत. पहिला नियम : ज्या दिवशी पाहिले, त्याच रात्री टिपायचे आणि ज्या त्या वहीत टिपायचे. रामाकोना स्थानकावर तासभर बसलो, तर नदीच्या वहीत कन्हानच्या पाण्याची पातळी जाते, रेल्वेच्या वहीत एखाद्या निवृत्त कर्मचाऱ्याचे नाव व वय जाते, शब्दांच्या वहीत शेजारी बसलेल्या आजीबाईंचे एखादे वाक्य जाते आणि लेखाच्या वहीत त्या दुपारचा प्रकाश जातो. प्रत्येक वहीचा प्रश्न निराळा असल्यामुळे डोळाही निराळे पाहतो.

दुसरा नियम : प्रत्येक कामाला त्याची चाल असते, ती ओळखायची. लेखाला पंधरा दिवस पुरतात. नदीवरील पुस्तकाला निदान तीन पावसाळे पाहावे लागतात. मुलताईच्या कुंडात तापीचा उगम मानतात. ती पश्चिमेस सुरतेकडे जाऊन अरबी समुद्रास मिळते. त्याच परिसरात उगम पावलेली वर्धा मात्र दक्षिणेची वाट धरते. आपली जाम नदी कन्हानला आणि कन्हान वैनगंगेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते व गोदावरीस मिळते. म्हणजे मुलताईच्या पठारावर शेजारी शेजारी पडलेले पावसाचे दोन थेंब दोन निरनिराळ्या समुद्रांत पोहोचतात. हे एका लेखात सांगता येते. पण त्या काठांवरील शेती, विहिरी, संत्र्यांच्या बागा आणि खाली जाणारी पाण्याची पातळी समजून घ्यायची, तर घाई चालत नाही.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा, आणि आजच्या भाषणाचा गाभा तोच आहे. हातातील कामांपैकी कोणते आज थांबविले तर उद्या पुन्हा करता येणारच नाही, हे स्वतःला विचारायचे, आणि तेच आधी पुरे करायचे. मानधन कशाला अधिक, नाव कशाने होते, हे प्रश्न त्यानंतरचे.

या कसोटीला माझी चार कामे लावून पाहू. सातपुडा कोठे जात नाही. प्रवासलेख आज मी लिहिला नाही, तर उद्या दुसरा कोणी लिहील, कदाचित अधिक चांगला लिहील. परंतु बंगाल-नागपूर रेल्वेने बांधलेली ती अडीच फुटी छोटी लाईन २०१५ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी रुंद मार्ग आला. प्रवाशांची सोय झाली, हे चांगलेच झाले. पण त्या गाडीवर ज्यांचे आयुष्य गेले, ती माणसे आता सत्तरीच्या, ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या स्मरणात जे आहे, ते अन्यत्र कोठेही मिळणार नाही.

शब्दांचेही तसेच. या भागाचा इतिहास आपणांस मी सांगावा असे नाही. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना स्थान होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर सौंसर-पांढुर्ण्याचा हा पट्टा नव्या मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये हे दोन तालुके वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा झाला. शाळा, कचेरी आणि बाजार हिंदीत चालतात, घर आणि शेत मराठीत. याविषयी माझी कोणाशी तक्रार नाही; दोन भाषांत सहज वावरणारी मुले ही या भागाची श्रीमंतीच आहे. पण शब्द कसे निघून जातात ते पाहावे. कास्तकाराचा धुरा हळूहळू मेड होतो. आजीच्या तोंडचा सांबार नातीच्या तोंडी धनिया होतो. पऱ्हाटी, डवरणी, भेदरे हे शब्द भांडण न करता, निरोप न घेता घरातून बाहेर पडतात. आंबिया आणि मृग बहाराची भाषा जोवर संत्री आहेत तोवर टिकेल. बाकीच्यांची खात्री कोणी द्यावी?

बाहेरच्या जगाला पांढुर्णे वर्षातून एकदाच आठवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव या दोन काठांत गोटमार होते. माणसे जखमी होतात, काहींचे प्राणही गेले आहेत, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. मला त्या प्रथेची भलामण करावयाची नाही. एकाही घरातला तरुण दगडाने जाऊ नये असेच मला वाटते. परंतु नागपुरात त्याच दिवशी काळी-पिवळी मारबत निघते, लेकरांचा तान्हा पोळा भरतो, आणि इकडे गोटमार होते. पोळ्याची कर हा एकच दिवस सत्तर-ऐंशी मैलांच्या आत इतकी वेगळी रूपे का घेतो, हा प्रश्न त्या छायाचित्रांत कोठेच नसतो. तो विचारायचा, तर येथील वृद्धांशी, येथील मराठीतच बोलावे लागेल. पाहुणा प्रवासी दगड पाहून परत जातो. दगडाखालची नदी आणि नदीकाठचे बोलणे नोंदविण्याचे काम येथेच राहणाऱ्यांचे आहे.

म्हणून मी असे ठरविले आहे की, येत्या वर्षात नद्यांचे पुस्तक बाजूला ठेवायचे, प्रवासलेख उदरनिर्वाहापुरतेच लिहायचे, आणि ध्वनिमुद्रणे व शब्दांची वही ही दोन कामे पुरी करायची. दोन्हींची एकेक प्रत मी या ग्रंथालयाच्या स्वाधीन करीन. वैयक्तिक संग्रह माणसाबरोबर विस्कटतो; संस्थेच्या कपाटात त्याला नोंदणी क्रमांक मिळतो, आणि पन्नास वर्षांनी येणाऱ्या अभ्यासकाला तो मागता येतो.

आपणा सभासदांकडे माझे एकच मागणे आहे. ग्रंथालयाने प्रत्येक इच्छुक सभासदास एक कोरी वही द्यावी. घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेला शब्द तीत लिहावा. तो कोणी वापरला, त्यांचे वय किती, गाव कोणते आणि वाक्य कोणते, एवढे त्यापुढे टिपावे. अर्थ ठाऊक नसला तरी चालेल, वाक्य मात्र जसेच्या तसे असावे. स्वयंपाकघर, शेत, आजारपण, नातीगोती, मुलांचे खेळ, अशी पाच प्रकरणे पुरेत. ज्यांना लिहिणे जमत नाही, त्यांच्यासाठी घरातल्या शाळकरी मुलाने लिहावे. म्हणजे आजी आणि नातू यांच्यात एक निमित्त तयार होईल. आश्रयदात्यांनी या वह्यांसाठी एक वेगळे कपाट करून दिले, तर शताब्दीचे ते चांगले स्मारक होईल.

पुढच्या पोळ्यापर्यंत पन्नास वह्या जरी परत आल्या, तरी मी त्या वाचण्यासाठी येथे येईन आणि त्यांची सूची करून देईन.