गाडी थांबते कशी?

कापसाचे चुकारे हाती आले, की वर्धा जिल्ह्यातल्या अनेक घरांत जुन्या मोटारसायकलीची चौकशी सुरू होते. घेणारा बहुधा दोनच प्रश्न विचारतो: एव्हरेज किती देते आणि इंजिन खोललेले आहे का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांचा संबंध खिशाशी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतली जवळपास ४४ टक्के दुचाकीवरची होती. समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे आपला दुचाकीस्वार जुन्याच रस्त्याने जाणार, ट्रकच्या शेजारून आणि अंधारात लाल दिव्याशिवाय चाललेल्या बंडीच्या किंवा ट्रॉलीच्या मागून. म्हणून गाडी घेताना आणि ती शिकताना पहिला प्रश्न एकच असावा: ही थांबते कशी?

याचे उत्तर मिळवायला मिस्त्रीच हवा असे नाही. मागच्या ब्रेकच्या दांड्याचा नट आट्यांच्या शेवटपर्यंत कसलेला दिसला, तर लायनर संपत आले समजा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे तो टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक होते आणि ओल्या डांबरावर घसरते. गाडी मेन स्टँडवर लावा, मागून कुणाला तरी दाबायला सांगा आणि उचललेले पुढचे चाक हँडलने हळूहळू दोन्हीकडे फिरवा. मध्यावर अडकल्यासारखे वाटले तर बॉल रेस गेलेली. पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओशट थर असेल, तर सील फुटले आहे. विकणारा म्हणेल, लायनर काय, दोनतीनशे रुपयांत बदलतात. खरे आहे. पण एवढ्या स्वस्तातली वस्तू ज्याने बदलली नाही, त्याने बाकीची गाडी कशी राखली असेल? शिवाय अपघातात वाकलेली चेसिस काही दोनतीनशेत सरळ होत नाही. गाडीच्या मागे उभे राहून दोन्ही चाके एका रेषेत आहेत का, तेवढे जरूर पाहा. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना १२५ सीसीपर्यंत दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय आणि त्याहून मोठ्या गाड्यांना चाक जाम होऊ न देणारे एबीएस सक्तीचे झाले. त्यामुळे कमी फिरलेल्या २०१७च्या गाडीपेक्षा थोडी जास्त फिरलेली २०२०ची मी पसंत करीन.

आता शिकण्याचे. आपल्याकडे गाडी शिकवतो मोठा भाऊ किंवा मित्र, आणि पहिलाच धडा देतो तो असा: पुढचा ब्रेक मारू नको, उलटशील. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस भागातल्या ९०० अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. १९८१ साली आलेल्या त्यांच्या अहवालात अपघातग्रस्त चालकांपैकी ९२ टक्के स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले निघाले. ऐन वेळी ते मागचा ब्रेक जोरात दाबून चाक घसरवत होते आणि पुढचा पुरेसा वापरत नव्हते. कारण साधे आहे. ब्रेक लागला की भार पुढे येतो, मागचे चाक हलके होते, आणि थांबवण्याचे निम्म्याहून अधिक काम पुढच्या चाकाला करावे लागते. कुणी म्हणेल, पावसाळ्यात रस्त्यावर आलेल्या काळ्या मातीच्या चिखलात पुढचा ब्रेक पाडतोच. एकदम आवळला तर नक्कीच पाडतो. म्हणून तर बाजार नसलेल्या दिवशी मोकळ्या मैदानात, सरळ रेषेत, वीसच्या वेगाने दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत नेण्याचा सराव करायचा. चिखलात वेग आधीच कमी हवा, हे तर आलेच. ताशी ६० च्या वेगात, ब्रेककडे बोटे जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी जवळपास १७ मीटर पुढे गेलेली असते.

कागदांचे थोडक्यात सांगतो. आर.सी.वर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवून घ्या आणि गाडी लगेच नावावर करा. ‘नंतर करू’ हे विकणाऱ्यालाही परवडत नाही. नोंदीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे.

राहिला हेल्मेटचा नेहमीचा वाद: ४५ अंशांत ते कोण घालणार? पण याच उन्हात आपण डोक्याभोवती दुपट्ट्याचे दोनतीन वेढे घेऊन फिरतोच की! उकाडा दोन्हींत आहे, डोके मात्र एकच वस्तू वाचवते. अनेक देशांतल्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. ‘गावातल्या गावात कशाला’ म्हणणाऱ्यांनी एवढेच पाहावे, की बंडी, बैल आणि रस्त्यात धावत येणारे पोर गावातच असते. २०२२ साली हेल्मेट नसताना मेलेल्या ५० हजारांवर लोकांत १४ हजारांहून अधिक मागे बसलेले होते. तेव्हा सौद्याच्या रकमेतच आयएसआय खुणेच्या दोन हेल्मेटचे पैसे धरा. बजेटात बसत नसेल, तर टाकी खरचटलेली, रंग उडालेली गाडी पाहा. ती थोडी स्वस्त मिळते.