विश्रांतीचा ताळेबंद

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी प्रशासकांनी केलेले भाषण)



या दिवशी प्रशासकाने वर्षाचे आकडे सांगावेत, अशी आपली प्रथा आहे. ते आकडे अहवालात आहेतच. आज मी स्वतःच्या खात्यातील नावे बाजू आपणांपुढे मांडणार आहे.

गतवर्षी माझ्या उजव्या टाचेमागील कंडरा दुखावली. शरीरातील ही सर्वांत जाड आणि बळकट कंडरा. अकिलीस या ग्रीक वीराच्या नावाने ती ओळखली जाते. आपल्याकडेही जरा नावाच्या व्याधाचा बाण श्रीकृष्णाच्या पायालाच लागला. थोरांचेही मर्मस्थान पायाशी असावे, हे विचार करण्याजोगे आहे.

तीन महिने मी दुखणे लपविले आणि तिन्ही मजल्यांची फेरी चालूच ठेवली. अखेर आपल्याच अस्थिरोग विभागात रांगेत बसावे लागले. डॉक्टरांनी समजाविले, की कंडरेला रक्तपुरवठा मुळात कमी; म्हणून ती सावकाश भरून येते. विश्रांती म्हणजे अंथरुणाला खिळणे नव्हे. इजा वाढविणारा भार थांबवावयाचा आणि पुढे तो क्रमाक्रमाने वाढवावयाचा. पायरीच्या कडेवर उभे राहून टाच हळूहळू खाली नेण्याचा व्यायाम मला बारा आठवडे, दिवसातून दोनदा करावयास सांगितला गेला. स्वीडनचे डॉ. अल्फ्रेडसन यांनी १९९८ साली ही पद्धत मांडली.

त्या सक्तीच्या बैठकीत दोन उणिवा ध्यानात आल्या. माझ्यावाचून भांडारातील एकही काम अडले नाही. आणि त्याचा आनंद होण्याऐवजी मला वाईट वाटले. ही पहिली.

दुसरी अधिक गंभीर. काही वर्षांपूर्वी स्त्री विभागातील एका मावशींनी पाय दुखतो म्हणून थोडे दिवस बसून करावयाचे काम मागितले होते. "दुखणे कुणाला नाही, मावशी?" असे म्हणून मी अर्ज परत केला. त्या लंगडत काम करीत राहिल्या आणि पुढे त्यांना दीर्घ रजा घ्यावी लागली. वाणिज्य शाखेचा पदवीधर असूनही आजची बचत उद्याचा मोठा खर्च ठरते, हे मला उमगले नाही. माणुसकीचा हिशेब तर दूरच राहिला.

कामावर परतल्यावर मी त्यांची क्षमा मागितली. त्यांनी एवढेच विचारले, "साहेब, आता पाय कसा आहे तुमचा?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

बंधुभगिनींनो, धर्मादाय रुग्णालय म्हणून निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखून ठेवणे आपणांस बंधनकारक आहे. परंतु येथे राबणाऱ्यांच्या दुर्बलतेसाठी आपण मनात किती जागा राखून ठेवतो? विश्वस्तांच्या संमतीने यापुढे डॉक्टरांचा दाखला आणणाऱ्या कर्मचाऱ्यास बरे होईपर्यंत हलके काम दिले जाईल. तसा अर्ज नाकारावयाचा झाल्यास कारण मला लेखी द्यावे लागेल.

माझी एकच विनंती आहे. दुखणे लपवू नका आणि दुसऱ्याचे दुखणे हसण्यावारी नेऊ नका. मी दोन्ही केले आहे.