माहीत असलेला डाव

कुस्तीचा फड ज्यांनी पाहिला आहे त्यांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. पाठ मातीला टेकली की कुस्ती संपली. जिंकलेला मल्ल लोकांच्या खांद्यावर चढतो आणि पडलेला अंगावरची माती झटकत गर्दीतून वाट काढतो. आज मी ज्या खेळाबद्दल बोलणार आहे, त्यात पाठ टेकल्यावरच खऱ्या झुंजीला तोंड फुटतं. ब्राझीलियन जिउ-जित्सू हे त्याचं नाव. खालचा खेळाडू पाठीवर पडून वरच्याला दोन्ही पायांच्या विळख्यात धरून ठेवतो आणि तिथूनच त्याचा हात किंवा गळा मिळवायला बघतो. यात गुण असतात, पाडल्याचे दोन, छातीवर मांड ठोकल्याचे चार वगैरे. पण प्रतिस्पर्ध्याने शरणागती पत्करली की गुणफलकाला काही अर्थ उरत नाही. शरण येण्याची खूण साधी आहे. गादीवर किंवा समोरच्याच्या अंगावर हाताने दोन-तीन थापा मारायच्या. आपल्याकडे थापा मारणं म्हणजे खोटं बोलणं. तिथे थापेइतकं खरं दुसरं काही नाही. थाप पडली की समोरच्याने तत्क्षणी पकड सोडायची, हा नियम तालमीत पहिल्या दिवशी शिकवतात.

या खेळातला एक माणूस म्हणजे रॉजर ग्रेसी. जन्म १९८१ चा, रिओ दि जानेरोचा. ब्राझीलमध्ये त्याला 'होजेर' म्हणतात, कारण शब्दाच्या सुरुवातीचा 'र' त्यांच्या तोंडी 'ह'सारखा येतो. ग्रेसी हे आडनाव त्याला आईकडून मिळालं. त्याची आई रेयला ही कार्लोस ग्रेसी यांची मुलगी. याच कार्लोसनी मित्सुयो माएदा या जपानी ज्युदोपटूकडून विद्या घेतली आणि १९२५ च्या सुमारास रिओमध्ये भावांसह तालीम काढली. रेयलाने पुढे आपल्या वडिलांचं मोठं चरित्र लिहिलं. रॉजरचे वडील मॉरिसियो गोम्स हेही काळ्या पट्ट्याचे, या विद्येत मुरलेले. म्हणजे दोन्ही बाजूंनी घरात तालीमच.

या घराण्याची एक कथा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९५१ साली रिओच्या माराकाना स्टेडियमवर कार्लोस यांचे धाकटे भाऊ हेलिओ जपानच्या मासाहिको किमुरा यांच्याशी लढले. किमुरा वजनाने आणि ताकदीने कितीतरी भारी. त्यांनी हेलिओंचा हात पाठीमागे पिरगाळला. हात मोडला, पण हेलिओंनी थाप मारली नाही. शेवटी बाहेर उभ्या असलेल्या कार्लोस यांनी लढत थांबवायला टॉवेल आत टाकला. घराण्याने ही हार विजयासारखी जपली आणि त्या पकडीला किमुराचंच नाव दिलं. प्रतिस्पर्ध्याचा असा मान ठेवणारे लोक मला आवडतात. मात्र या कथेचं एक ओझंही आहे. मोडलो तरी शरण गेलो नाही, हे मोठेपणाचं माप होऊन बसलं.

आता २००४ सालात येऊ. स्थळ रिओच, तिजुका टेनिस क्लब, जागतिक स्पर्धेच्या खुल्या गटाची अंतिम लढत. खुला गट म्हणजे वजनाची अट नाही. ज्याला सर्वांत मोठा व्हायचं आहे त्याने इथे जिंकावं. एका बाजूला बावीस वर्षांचा रॉजर, उंची सहा फुटांच्या चांगलीच वर, अंगाने सडपातळ. दुसऱ्या बाजूला रोनाल्डो सूझा, टोपणनाव 'जकारे', म्हणजे मगर. तो अॅमेझॉनकाठच्या मानाउस शहरात तयार झालेला, झपाट्याने अंगावर येणारा. लढत दहा मिनिटांची. जकारे गुणांनी पुढे होता. अखेरच्या काही मिनिटांत रॉजरला त्याचा हात सापडला. दोन मांड्यांत हात धरून कोपर उलट्या दिशेने ताणायचं, असा तो डाव. याला म्हणतात आर्मबार. तो पुरा लागला की कोणीही थाप मारतो. जकारेने मारली नाही. हात गेला, तो कसाबसा सुटला, आणि पंचांनी दोघांना पुन्हा उभं केलं तेव्हा त्याने तो निकामी हात चक्क कमरेच्या पट्ट्यात खोचला. उरलेला वेळ तो एका हाताने, मागे सरत, रॉजरला चुकवत राहिला. घंटा झाली. गुण जकारेचे जास्त होते. जगज्जेता जकारे.

पंचांनी लढत थांबवायला हवी होती, असं म्हणणारे आजही आहेत. नियम पाहता जकारे जिंकला यात शंका नाही, आणि त्याच्या छातीला मीही दाद देतो. पण माझं लक्ष दुसऱ्या माणसाकडे जातं. रॉजरने त्याच्या खेळात जे करायचं असतं ते केलं होतं. डाव लावला, पुरा लावला, हाड मोडेपर्यंत लावला, तरी हरला. पन्नास वर्षांपूर्वी ज्या हट्टाचं त्याच्या घरात कौतुक झालं, तोच हट्ट समोरून त्याच्यावर उलटला. असा माणूस तालमीत परत जाऊन काय विचार करत असेल?

त्याने काय विचार केला ते मला ठाऊक नाही. त्याने काय केलं ते मात्र दिसतं. २००५ साली अबुधाबीच्या नावाने भरणाऱ्या स्पर्धेत, जी त्या वर्षी कॅलिफोर्नियात झाली, त्याने स्वतःचा वजनगट आणि खुला गट दोन्ही जिंकले. आठ लढती, आठही शरणागतीने. खुल्या गटाच्या अंतिम लढतीत समोर पुन्हा जकारे होता. या वेळी रॉजर त्याच्या पाठीवर चढला आणि मागून गळा आवळला.

हात मोडूनही माणूस लढू शकतो. गळ्याचं तसं नाही. मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या दाबल्या की मेंदूकडे जाणारं रक्त तुटतं आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. तिथे हट्ट चालत नाही. थाप मारा किंवा झोपा.

रॉजरचा खास डाव ऐकलात तर हसाल, कारण तो या खेळात नवख्याला पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत शिकवतात. प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर मांड ठोकायची. एक हात त्याच्या डगल्याच्या कॉलरमध्ये मानेपर्यंत खोल घालायचा, चार बोटं आत, अंगठा बाहेर. दुसरा हात त्यावरून फुलीसारखा नेऊन दुसरी कॉलर धरायची. मग मनगटं वळवून कोपरं खाली आणायची. झालं. पण नवख्या माणसाने तो डाव कसलेल्या मल्लावर लावून पाहावा. पहिला हात आत जातच नाही, गेला तर दुसरा अडकतो, आणि तेवढ्यात खालचा उसळी मारून वर येतो. म्हणून बहुतेक जण काही वर्षांत हा डाव सोडून नवनवे, गुंतागुंतीचे डाव शिकतात. रॉजर तिथेच राहिला. छातीवर बसल्यावर वजन कुठे टाकायचं, पहिला हात गेल्यावर किती वेळ थांबायचं, खालच्याने कोणता हात सोडवायला काढला की दुसरा घालायचा, हेच तो घोटत बसला. गवयाने एकच राग वर्षानुवर्षं धरून बसावं तसं. प्रतिस्पर्ध्याला सगळं माहीत असायचं. हा खाली पाडणार, पायांचा विळखा ओलांडणार, छातीवर येणार, कॉलर धरणार. माहीत असूनही थांबवता येत नसे.

२००६ आणि २००८ चा खुला गट त्याला मिळाला नाही. दोन्ही वेळा तो शांडे रिबेरोने जिंकला. मधल्या २००७ मध्ये मात्र रॉजरने बाजी मारली. तेव्हापासून स्पर्धाही रिओ सोडून कॅलिफोर्नियात भरू लागली होती. मग आलं २००९. त्या वर्षी त्याने आपला वजनगट आणि खुला गट दोन्ही जिंकले, आणि समोर आलेल्या प्रत्येकाला याच एका डावाने शरण आणलं. सगळे काळ्या पट्ट्याचे, सगळे हा डाव स्वतः शिष्यांना शिकवणारे. २०१० साली पुन्हा दोन्ही गट. २००४ ते २०१० या काळात मिळून दहा जागतिक विजेतेपदं, त्यांतली तीन खुल्या गटाची. वडिलांबरोबर २००४ साली लंडनमध्ये काढलेली तालीमही या काळात तो सांभाळत होता.

ठोसे-लाथांच्या मिश्र लढतींतही तो उतरला. काही जिंकला, २०११ साली मोहम्मद लवालकडून पहिल्याच फेरीत बाद झाला, २०१३ मध्ये यूएफसीतल्या एकमेव लढतीत हरला, २०१६ मध्ये आशियातल्या 'वन' संस्थेचा किताब मिळवला. चेहऱ्यावर ठोसा येत असताना डाव रचायला लागणारी ती सावकाशी मिळत नाही. त्याचं घर डगल्याच्या खेळातच होतं.

दरम्यान नवा माणूस आला होता, मार्कुस आल्मेडा, टोपणनाव 'बुशेशा', म्हणजे गालफुग्या. अवाढव्य आणि तरीही चपळ. २०१२ साली सॅन दिएगोत दोघे वीस मिनिटं लढले. गुण नव्हते, शरणागती झाली नाही, लढत बरोबरीत सुटली. पाच वर्षांत बुशेशाने रॉजरच्या दहा जागतिक विजेतेपदांशी बरोबरी केली. रॉजर तोवर पस्तिशीचा झाला होता आणि डगल्यातल्या मोठ्या स्पर्धांपासून लांब होता. २३ जुलै २०१७ रोजी रिओत दोघे पुन्हा समोरासमोर आले. जाणकारांचा कौल तरण्याच्या बाजूने होता. सात मिनिटंही झाली नव्हती, रॉजर बुशेशाच्या पाठीवर पोचला. हात कॉलरमध्ये गेला, आत सरकला, गळा आवळला गेला. बुशेशाने थाप मारली. रॉजरने पकड सोडली, आणि तिथेच, त्याच गादीवर, निवृत्ती जाहीर केली.

बुशेशा पुढच्या दोन वर्षांत आणखी तीन वेळा जगज्जेता झाला.