संघाचे नाव आणि खेळाडूंवरचा हक्क

खेळाच्या संघाला नाव देणे ही वरवर पाहता किरकोळ बाब वाटत असली, तरी खेळाडूंवर शहर, धर्मसमाज, प्रांत की भांडवल घालणारा मालक यांपैकी कोणाचा हक्क मानला जातो, हे त्या नावातूनच कळते. त्यामुळे संघांच्या नावांचा अभ्यास हा सामाजिक इतिहासाचाच एक भाग ठरतो.

व्यावसायिक संघ, म्हणजे ज्यातील सर्व खेळाडूंना उघडपणे वेतन मिळते असा संघ, बेसबॉलमध्ये प्रथम १८६९ साली अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात उभा राहिला आणि खेळाडूंच्या लाल मोज्यांवरून तो ‘रेड स्टॉकिंग्ज’ या नावाने ओळखला गेला. पुढे प्रशिक्षक हॅरी राइट काही खेळाडूंसह बॉस्टनला गेले, तेव्हा ते नावही त्यांच्यासोबत तिकडे गेले. १८७६ साली नॅशनल लीग, म्हणजे ठरावीक संघांनी हंगामभर एकमेकांशी सामने खेळण्याची व्यवस्था, स्थापन झाल्यावरही संघाची खरी ओळख शहराच्या नावानेच होत असे. टोपणनावे बहुधा वार्ताहर ठेवत आणि बदलतही. ब्रुकलिनच्या संघातील अनेक खेळाडूंची लग्ने एकाच सुमारास झाली म्हणून तो संघ काही काळ ‘नवरदेवांचा’ म्हणवला गेला. पिट्सबर्गच्या संघाने १८९१च्या सुमारास फिलाडेल्फियाचा मानला जाणारा एक खेळाडू आपल्याकडे घेतला, तेव्हा प्रतिपक्षाने त्यावर चाचेगिरीचा आरोप केला आणि त्या आरोपातूनच ‘पायरेट्स’ हे नाव कायम झाले.

मुंबईच्या क्रिकेटने मात्र सर्वस्वी निराळा मार्ग धरला. १८९२ पासून युरोपियन आणि पारशी यांच्यात प्रेसिडेन्सी सामने होऊ लागले. १९०७ मध्ये हिंदू, १९१२ मध्ये मुस्लिम आणि १९३७ मध्ये ‘द रेस्ट’, म्हणजे ‘उरलेले’, असे संघ क्रमाने सामील होत गेले आणि तिरंगी स्पर्धा चौरंगी व अखेर पंचरंगी झाली. येथे नाव ठेवण्याचा प्रश्नच नव्हता, कारण जन्माने मिळालेली ओळख हेच संघाचे नाव होते. ही व्यवस्था किती अपुरी होती, याचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे पाळवणकर बाळू यांची कारकीर्द होय. चर्मकार समाजात जन्मलेल्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. संघाचे नाव सर्वांना आपले म्हणत होते, परंतु व्यवहारात कर्णधारपदाच्या दारापाशी जात आडवी येत होती. ‘उरलेले’ या नावाचीही हीच कथा आहे. सांगलीत जन्मलेले, ख्रिस्ती धर्माचे विजय हजारे त्याच संघातून खेळत आणि १९४३-४४च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा त्यांनी एकट्याने काढल्या. एवढा मोठा फलंदाज ज्या संघात होता, त्या संघाला स्वतःचे म्हणावे असे नाव नसावे, हे खेदजनकच म्हटले पाहिजे. धर्माच्या पायावरील या स्पर्धेवर महात्मा गांधींनी टीका केली होती आणि १९४६ नंतर ती बंदच पडली.

२०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्ये नामकरणाचा अधिकार फ्रँचायझीकडे, म्हणजे संघ चालवण्याचा हक्क विकत घेणाऱ्या मालकाकडे, गेला आणि ‘यू मुंबा’, ‘पुणेरी पलटण’ ही नावे पहिला सामना होण्यापूर्वीच ठरली. त्याच लीगमधील ‘पाटणा पायरेट्स’ आणि पिट्सबर्गचे ‘पायरेट्स’ यांचे नाव एकच असले, तरी एकाला ते भांडणातून चिकटले, तर दुसऱ्याने ते आधीच निवडून घेतले. निवडलेल्या नावाला अर्थ यायला खेळ आणि काळ या दोन्हींची गरज असते. पुणेरी पलटणला पहिल्या विजेतेपदासाठी २०२४ पर्यंत वाट पाहावी लागली.

वाशीमच्या श्रोत्यांना अधिक जवळचे उदाहरण रणजी करंडकाचे आहे. १९३४-३५ मध्ये प्रांतवार संघांची ही राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, तेव्हा वऱ्हाडातील खेळाडूंसाठी ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ असा संघ होता. राज्यपुनर्रचनेनंतर, १९५७-५८ पासून, विदर्भ हा स्वतंत्र संघ खेळू लागला. विदर्भ हे वेगळे राज्य कधी झाले नाही, तरी महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ आजही वेगवेगळे खेळतात. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा निघाला, म्हणजे येथील क्रिकेटपटू ज्या नावाखाली खेळतो ते नाव त्याच्या जिल्ह्याहून चार दशकांनी जुने आहे. जानेवारी २०१८ मध्ये इंदूरला दिल्लीचा पराभव करून विदर्भाने प्रथम रणजी करंडक जिंकला, तेव्हा कर्णधार फैज फजल होते, अंतिम सामन्यात शतक अक्षय वाडकर यांनी झळकावले, हॅट्ट्रिक रजनीश गुरबानी यांनी घेतली आणि मुंबईकडून वर्षानुवर्षे खेळलेले वसीम जाफर त्यांच्या सोबतीला होते. पंचरंगी स्पर्धेच्या नियमाने हेच खेळाडू परस्परांविरुद्धच्या संघांत विभागले गेले असते.