वृद्ध-पुनर्वसन विभागासाठी वरिष्ठ परिचारिकेची निवड
(वार्षिक सभेत निवड समितीच्या वतीने केलेले भाषण)



अहवालवर्षातील अनेक निर्णयांपैकी एकाविषयी आपणांसमोर सविस्तर निवेदन करावे, असे आम्हांस वाटते. तो निर्णय म्हणजे वृद्ध-पुनर्वसन विभागाच्या वरिष्ठ परिचारिकेची, आपण सारे जिला ‘इन्चार्ज सिस्टर’ म्हणतो तिची, निवड. यंत्र घेताना निविदा मागवून तुलना करता येते. माणूस पारखताना तशी सोय नसते.

२०११ च्या जनगणनेत देशातील साठ वर्षे व त्यावरील व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक होती. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धेची शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते. पण ती पुन्हा आपल्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जाईल की नाही, हे पुढील काही आठवडे ठरवितात. फिजिओथेरपिस्ट तिच्यापाशी दिवसातून थोडाच वेळ असतात. उरलेले सारे प्रहर परिचारिकेचे असतात.

या शास्त्राचा इतिहासही हेच सांगतो. १९३५ साली लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जरी वॉरेन यांच्याकडे अंथरुणाला खिळलेल्या शेकडो वृद्धांचा भार आला. त्यांनी प्रत्येकाची तपासणी केली, वर्गवारी लावली, उठवून बसविण्यास आरंभ केला आणि त्यांतील अनेक जण घरी परतले. १९६२ साली डोरीन नॉर्टन या परिचारिकेने सहकाऱ्यांसह शय्याव्रणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून आलेल्या मोजपट्टीत रुग्णास २० पैकी गुण देतात. १४ वा त्याहून कमी गुण आले, की धोका ओळखावा. शय्याव्रण हे म्हातारपणाचे प्राक्तन नव्हे, ते बहुतांशी टाळता येते, ही दृष्टी अशा अभ्यासांनी रुजविली.

मुलाखतीपूर्वी प्रत्येक उमेदवाराची प्रमाणपत्रे व महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी पाहिली. त्यानंतर आम्ही पाठांतराचे प्रश्न टाळून प्रसंग मांडले.

पहिला प्रसंग असा : पक्षाघात झालेले आजोबा स्वतः जेवू पाहतात, अन्न सांडते, म्हणून सूनबाई भरवू लागतात. आपण काय कराल? बहुतेकींनी पोटभर भरवावे, असे उत्तर दिले. एका भगिनीने मात्र क्रमाने सांगितले : आधी गिळण्याची क्षमता तपासून घेईन, ताठ बसवीन, चांगल्या हातात चमचा देईन आणि सूनबाईंना जवळ बसून धीर धरायला सांगेन.

दुसरा प्रसंग : रात्री दोन वाजता आजी एकट्याच उठतात, तोल जातो. पलंगाचे कठडे वर करावेत का? त्याच भगिनी म्हणाल्या, “कठडा ओलांडताना माणूस अधिक उंचावरून पडते. लघवीला कोणत्या वेळी उठतात ते टिपून त्याआधीच विचारीन. पलंग खाली घेईन, दिवा ठेवीन, झोपेच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलेन. एकाएकी भ्रम झाला असेल, तर वय झाले म्हणून सोडणार नाही. लघवी तुंबली आहे का, ताप आहे का, ते पाहीन.”

शेवटी, आपणांस काही विचारायचे आहे का, असे आम्ही म्हणालो. त्यांनी विचारले, “रात्रपाळीला या विभागात किती जणी असतात? दर दोन तासांनी कूस बदलायची, तर दोन माणसे लागतात.” मंजूर संख्येनुसार रात्री एक परिचारिका होती आणि मावशी शेजारच्या विभागाशी विभागलेल्या होत्या. दुसरी परिचारिका मिळणार असेल, तरच पद स्वीकारीन, असे त्यांनी नम्रपणे, पण स्पष्ट सांगितले.

समितीत मतभेद झाले. दुसऱ्या एका उमेदवाराचा अतिदक्षता विभागातील अनुभव अधिक होता आणि वेतनाची अपेक्षा कमी. शिवाय हाती असलेल्या देणग्या उपकरणांसाठी होत्या, त्या वेतनाकडे वळविता येत नव्हत्या. दुसऱ्या बाजूने एक विचार निर्णायक ठरला. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. ऐपत असलेले कुटुंब रात्रीसाठी खासगी आया ठेवते. निर्धन वृद्धाच्या उशाशी अनेकदा कोणीच नसते. त्याची कूस बदलणार कोण? त्या भगिनींनी आपल्या सोयीची अट घातलेली नव्हती; ती त्या रुग्णाची अट होती.

आम्ही त्यांची निवड केली. दुसऱ्या रात्र-परिचारिकेच्या वेतनाची तरतूद सर्वसाधारण निधीतून केली आहे. परंतु ती एका वर्षापुरतीच आहे. त्यानंतर काय, हा प्रश्न आम्ही आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

देणगीदारांच्या औदार्यातून आलेल्या यंत्रावर नाव कोरता येते. रात्री दोन वाजता कूस बदलणाऱ्या हातांवर नामफलक लावता येत नाही. तरीही परिचारिका वेतननिधीस आपण हातभार लावावा, अशी आमची नम्र विनंती आहे. आप्तजनांनाही एक विनंती : आपल्या वडीलधाऱ्यांना सावकाश, स्वतःच्या हाताने जेवू द्या. सांडले तरी चालेल.